नेट नाही म्हणजे नेमकं कुठे नाही?

“रे, दांडे सगळे दिसतत, पण नेट काय येना नाय.”

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावाहून काकीचा हा फोन दर पावसाळ्यात दोन-तीनदा तरी येतो. मी कणकवलीत कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यामुळे वायफाय, टीव्हीचा रिमोट आणि मिक्सर ही तिन्ही खाती तिने माझ्याकडेच दिली आहेत. पण तक्रार सांगण्याची तिची पद्धत मला आवडते. दुकानात येणारे बरेच जण नुसतं “वायफाय बंद आहे” म्हणतात आणि त्यातून काहीच कळत नाही. काकीच्या वाक्यात अर्धं निदान झालेलं असतं: दांडे आहेत, नेट नाही.

फोनच्या कोपऱ्यात दिसणारे वायफायचे ते दांडे फक्त एवढंच सांगतात, की घरातल्या राउटरचा आवाज फोनला किती स्पष्ट ऐकू येतोय. राउटरच्या पलीकडे काय चाललंय याची त्यांना खबर नसते. बाहेरची तार तुटून पडली असली तरी दांडे पूर्ण दिसणार, कारण राउटर अजून ओरडतोच आहे.

वाडीत शिंपणं करताना एखाद्या माडाच्या आळ्यात पाणी पोचलं नाही, तर आपण लगेच विहिरीवरचा पंप उघडायला घेत नाही. पाटाच्या कडेने उलटं चालत जातो आणि पाणी कुठपर्यंत आहे ते बघतो. नेटचंही तसंच आहे. पहिला टप्पा फोनपासून राउटरपर्यंत, हवेतून. दुसरा राउटरपासून कंपनीच्या यंत्रापर्यंत, बहुतेक ठिकाणी आता काचेच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून. तिसरा तिथून पुढे, ज्या वेबसाइटला जायचंय तिथपर्यंत. कुठला टप्पा तुटलाय हे न बघता लोक फोन रिसेट करतात, राउटरमध्ये पिन खुपसतात, शेवटी नवीन राउटर आणतात. आणि तार मात्र शेजारच्या फणसावरून लोंबकळत असते.

म्हणून फोनवर मी पहिला प्रश्न एकच विचारतो: एकाच फोनवर बंद आहे की सगळ्यांच्या? उत्तर देण्याआधी त्या फोनांचा मोबाइल डेटा बंद करायला सांगतो. आजकालचे फोन शहाणे झालेत. वायफायवर नेट मिळालं नाही तर ते गुपचूप मोबाइल डेटावर जातात, आणि “माझ्यावर तर चालतंय” असं ठणकावून सांगणारा भाचा मुळात वायफायवर नसतोच.

सगळ्यांचं बंद असेल तर डबा बघा

फायबरची तार घरात ज्या डब्यात येते, त्यावर चार-पाच दिवे असतात. (बऱ्याच घरांत हा डबा आणि राउटर एकच असतात.) त्यांतले दोन ओळखीचे करून घ्या. ‘पॉन’ लिहिलेला हिरवा आणि स्थिर हवा. ‘एलओएस’ लिहिलेला, ज्याला सगळे ‘लॉस’ म्हणतात, तो विझलेला हवा. लॉस लाल लुकलुकत असेल तर काचेतून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाहीये. मग फोनची कुठलीही सेटिंग, राउटरचा कुठलाही रिस्टार्ट कामाचा नाही. फक्त एकदा डब्यामागची तार बघा. कपाट भिंतीला सरकवताना ती चेपली असेल किंवा काटकोनात मोडली असेल, तर प्रकाश त्या वळणावरच बाहेर सांडतो. तारेत मधोमध असलेला काचेचा धागा त्यावरच्या काचेच्या वेष्टणासह जेमतेम १२५ मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाएवढा असतो. जास्तीची तार गुंडाळायची असेल तर चहाच्या बशीएवढं वेटोळं ठेवा, त्याहून लहान नको. तार निघून हातात आलीच तर तिच्या टोकात डोळा घालून बघू नका. त्यातला प्रकाश अवरक्त असतो. तो दिसत नाही, म्हणून तो नाही असं नव्हे.

घरातली तार ठीक असेल तर तक्रार नोंदवा आणि स्वस्थ बसा. आपल्याकडे ही तार खांबांवरून आणि झाडांवरून येते. झावळ पडते, वांदर झोके घेतात, रस्त्याच्या कामात जेसीबी लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावांची वीज आणि नेटवर्क अनेक दिवस गेलं होतं. तेवढं मोठं काही नसलं तरी जून-जुलैत एक फांदीही पुरते.

लॉस विझलेला, पॉन हिरवा, तरी नेट नाही? मग रिचार्ज संपलाय का ते बघा. हसू नका, मी दोनदा त्यासाठी पंधरा किलोमीटर गेलोय. तो चालू असेल तर रिस्टार्ट करा. हा अडाणी उपाय वाटतो, पण त्याला कारण आहे. राउटर हा एक छोटा कॉम्प्युटरच. घरातल्या कोणत्या फोनने कुठे काय मागितलं याची वही तो सतत लिहीत असतो. स्मरणशक्ती बेताची, महिनोन्‌महिने चालू, मग कधीतरी वहीत गोंधळ होतो. बंद केलं की वही कोरी होते. बटण बंद करून लगेच चालू करू नका, अर्धा मिनिट जाऊ द्या, म्हणजे आत साठलेली वीजही उतरते. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर आधी डबा चालू करा, त्याचा पॉन स्थिर झाला की मग राउटर.

आणि मागे जे बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालू नका. रिस्टार्ट आणि रिसेट ही दोन वेगळी कामं आहेत. त्या भोकाने राउटर कारखान्यातून आला तसा होतो. अनेक जोडण्यांमध्ये कंपनीने त्यात भरलेलं युजरनेम आणि पासवर्डही पुसलं जातं. मग दहा मिनिटांच्या दुखण्यासाठी माणूस येईपर्यंत चार दिवस जातात.

तीन हाका

पाटाच्या कडेने चालत जाण्याचं साधन प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आहे, त्याचं नाव पिंग. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ही काळी खिडकी उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग’ असं इंग्रजीत (ipconfig) टाइप करा. त्यात ‘डिफॉल्ट गेटवे’ समोर जो आकडा येतो, तो तुमच्या राउटरचा पत्ता. बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी. आता ‘पिंग’ (ping) लिहून एक जागा सोडून तो पत्ता लिहा, आकडे अर्थातच इंग्रजीत. कॉम्प्युटर राउटरला चार हाका मारतो आणि प्रत्येक ‘ओ’ यायला किती मिलिसेकंद लागली ते सांगतो. घरातल्या घरात हे उत्तर थोड्या मिलिसेकंदांत यायला हवं. तीनशे-चारशे लागत असतील किंवा चारांतल्या दोन हाका वाया जात असतील, तर दुखणं हवेतल्या टप्प्यात आहे.

दुसरी हाक ८.८.८.८ या पत्त्याला मारा. ही गुगलची सार्वजनिक सेवा, जगात कुठूनही उत्तर देते. राउटरने ओ दिली आणि याने दिली नाही, तर पाट राउटरच्या पलीकडे फुटलाय.

तिसरी हाक नावाने मारा, एखाद्या वेबसाइटचं नाव लिहून. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला “असं कोणी सापडत नाही” असं येतं, हा प्रकार लोकांना फार चक्रावतो. कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. नावाचा आकडा सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. पोस्टमन गावात आहे, रस्ता चालू आहे, फक्त कोणाचं घर कुठलं हे सांगणारा माणूस रजेवर गेला, तर पत्र पोचणार नाही, तसं हे. तेव्हा वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ भरला की बहुतेक वेळा काम होतं. अँड्रॉइड फोनवर ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची एक सेटिंग असते. जाहिराती बंद करायला कोणीतरी सांगितलं म्हणून तिथे काहीतरी भरून ठेवलेलं असतं आणि मालक विसरलेला असतो. आधी ती बघा.

त्याच काळ्या खिडकीत कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. बिचाऱ्याने मनानेच एक घेतलाय. फोनवर हेच दुखणं ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ वर अडकलेलं दिसतं. याची एक गणपतीतली गोष्ट पुढे सांगतो.

एकाच फोनवर किंवा लॅपटॉपवर बंद असेल तर

इथे फार खोलात जायची गरज नसते. राउटरचा पासवर्ड बदललाय आणि फोन जुनाच पाठवतोय, हे सगळ्यांत जास्त वेळा सापडतं. त्या नेटवर्कवर बोट दाबून ‘फरगेट’ करा आणि पासवर्ड नव्याने टाका. मात्र फरगेट करण्याआधी पासवर्ड कोणाला तरी माहीत आहे ना, हे बघा! व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्याच सर्व्हरमधून वळवणारं अ‍ॅप, चालू असेल तर बंद करा. लॅपटॉपवर विमानाचं चित्र असलेली एक कळ असते, पोरांच्या हातून ती दाबली जाते आणि वायफायच गायब होतं. फोनमधलं ‘नेटवर्क सेटिंग रिसेट’ शेवटी करा, कारण त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात.

एक कारण मात्र सांगायलाच हवं, कारण ते आपल्याकडे खास दिसतं. मुंबईकरांची घरं वर्षातले दहा महिने बंद. मे महिन्यात येऊन जुना कॉम्प्युटर चालू केला, वायफाय लागलं, पण एकही वेबसाइट उघडत नाही, “कनेक्शन सुरक्षित नाही” असं येत राहतं. खाली घड्याळ बघा. तारीख कित्येक वर्षं मागची असेल. आतली नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपलेली असते. प्रत्येक सुरक्षित वेबसाइट आपलं ओळखपत्र दाखवते आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरच्या मते आज २०१२ साल असेल, तर २०२५ मध्ये दिलेलं ओळखपत्र त्याला खोटं वाटणारच. तारीख दुरुस्त करा, सावकाशीने बॅटरी बदला.

चिऱ्याचं घर

आता हवेतला टप्पा. इथे आपलं घर आणि शहरातला फ्लॅट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नेटवर मिळणारे सल्ले फ्लॅटवाल्यांसाठी लिहिलेले असतात.

वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत बोलतं, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची सहाच्या आसपास. लांब लहर भिंतीतून बरी जाते, पण वेग कमी. आखूड लहर वेगवान, पण भिंतीशी लगेच दमते. राउटरवर शेवटी ‘५जी’ लावलेलं जे दुसरं नाव दिसतं ते हे, त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. पडवीत राउटरशेजारी बसलात तर ५ घ्या, माजघराच्या पलीकडे गेलात तर २.४.

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत नऊ इंचांची, जुन्या घरांत दीड फुटाचीही. जांभ्यात लोखंड असतं म्हणून रेंज अडते, असं बरेच जण सांगतात. पण तो लोखंडाचा पत्रा नव्हे. चिऱ्याचा लाल रंग हा एका अर्थी गंजाचा रंग आहे, आणि गंज काही पत्र्यासारखा लहर परतवत नाही. खरा अडसर जाडीचा आणि ओलीचा. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पितो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो, म्हणजे वायफायच्या जुन्या पट्ट्यातच, आणि अन्नातलं पाणीच तापवतो. (म्हणूनच काही घरांत तो चालू असेपर्यंत वायफाय अडखळतं.) मे महिन्यात मागच्या खोलीत जेमतेम येणारी रेंज जुलैत गेली, तर राउटर बिघडला असं समजू नका.

पण प्रत्यक्ष पडणाऱ्या पावसाला उगाच दोष देऊ नका. टीव्हीची छत्री मुसळधार पावसात बंद पडते, म्हणून वायफायही त्यामुळेच पडतं असं लोकांना वाटतं. छत्रीपर्यंत येणाऱ्या लहरी ११-१२ गिगाहर्ट्‌झच्या आणि त्या उपग्रहापासून ढगांतून येतात. पावसाचे थेंब त्यांना बऱ्यापैकी अडवतात. २.४ ला घरातल्या घरात पावसाशी कर्तव्य नाही. मोबाइल टॉवरचं मात्र वेगळं. काही टॉवर पुढच्या टॉवरशी तबकडीने, याहून वरच्या लहरींवर जोडलेले असतात. ती जोडणी पावसात दमली की फोनवर रेंज पूर्ण आणि डेटा मुंगीच्या पावलांनी.

दांड्यांपेक्षा खरा हिशेब कळायचा असेल तर वायफाय मोजणारं एखादं मोफत अ‍ॅप घ्या. ते डीबीएममध्ये, म्हणजे लहरींची ताकद मोजायच्या मापात, आकडा दाखवतं, उणे चिन्हासह. उणे ५० म्हणजे छान, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभतो, उणे ८० म्हणजे रामभरोसे. दर १० ने शक्ती दहापटीने कमी होते, म्हणजे ५० वरून ८० वर गेलात की हजारावा हिस्सा उरला. आणि एक गंमत: हा आकडा राउटर फोनला किती ऐकू येतोय तेवढंच सांगतो. फोनची बॅटरी छोटी, आवाजही छोटा. खळ्याच्या टोकाला राउटरचं ओरडणं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं बोलणं त्याला नाही. दांडे दोन, काम शून्य.

उपाय? पहिला फुकटचा. राउटर टीव्हीमागून, लोखंडी कपाटावरून, फ्रिजच्या आडून काढा आणि घराच्या मध्यावर, उंच ठेवा. पावसाळ्यात पडवीला पत्रे बांधता, ते राउटर आणि तुमच्या खुर्चीच्या मध्ये येत नाहीत ना, तेही बघा. दुसरा, रिपीटर. पण लोक तो जिथे रेंज नाही त्या खोलीत लावतात, आणि मग “हा चालतच नाही” म्हणतात. रिपीटर हा निरोप्या आहे. त्याला स्वतःलाच ऐकू आलं नाही तर तो पुढे काय सांगणार? तो अर्ध्या वाटेवर हवा. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग साधारण अर्धा होतो. माझं मत विचाराल तर चिऱ्याच्या घरात तारेसारखं औषध नाही. राउटरपासून लॅनची तार कौलांखालून मागच्या खोलीत न्या, तिथे दुसरा जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेतून आलेलं नेट तिथल्या हवेत सोडायला, लावा. ही तार १०० मीटरपर्यंत चालते, मांगरापर्यंतही, म्हणजे घराबाहेरच्या कोठीपर्यंतही, पोचते. भिंतीशी भांडत बसण्यापेक्षा तिला वळसा घाला.

गणपतीतलं नेट

गौरी-गणपतीत चाकरमानी आले की एरवी तीन फोनांचं घर तीस फोनांचं होतं. वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, डबलबारी भजनाच्या सामन्यासारखं. एका बुवाची बारी चालू असताना दुसरा गप्प. प्रत्येक फोन आधी कान देतो, हवेत कोणी बोलत नसेल तर तोंड उघडतो. तीस जण असले की वाट बघण्यातच वेळ जातो. त्यातून दूर मांगरात बसलेला फोन कमजोर रेंजमुळे संथ बोलतो. राउटरशेजारचा फोन ३०० मेगाबिटच्या वेगाने जे सांगतो, तेच तो ६ च्या वेगाने सांगायला पन्नासपट वेळ घेतो, आणि तेवढा वेळ सगळे ताटकळतात. म्हणून मागच्या माणसाला पुढे बोलावलं की पुढच्यांचंही नेट सुधारतं.

आता ती गोष्ट. एका घरी दीड दिवसाचे गणपती जाऊन दुसरे पाहुणे आले आणि नव्यांच्या एकाही फोनला वायफाय लागेना, जुन्यांचं चालू. राउटरमध्ये बघितलं तर वाटायला पत्तेच वीस ठेवलेले. राउटर पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो, बहुतेकदा एका दिवसासाठी. परतलेले पाहुणे कधीच मुंबईला पोचले होते, पण त्यांच्या नावाचे जेवणाचे पाट अजून मांडलेलेच होते. वीसचे दोनशे केले, आरतीच्या आधी काम झालं.

वाड्या एकमेकींना लागून असतील तर शेजाऱ्यांचे राउटरही आड येतात. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे पट्ट्यातल्या वाटा, तीनच: १, ६ आणि ११. तुम्ही आणि शेजारी एकाच चॅनेलवर असाल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरं निवडा.

खारा वारा, मुंग्या आणि वीज

किनाऱ्याजवळच्या घरात तारेच्या प्लगवर हिरवट थर दिसला तर तो खाऱ्या वाऱ्याचा. प्लग बदला. राउटरच्या उबेला मुंग्या घर करतात, त्याच्या भोकांतून अंडी निघालेली मी पाहिली आहेत. राउटर संध्याकाळी आपोआप बंद-चालू होत असेल तर आधी अ‍ॅडॉप्टर तपासा. व्होल्टेज उतरलं की अशक्त अ‍ॅडॉप्टर राउटरला पुरेशी वीज देत नाही. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तोच, अँपिअर तेवढा किंवा जास्त. वीज वारंवार जाते तिथे राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावा. आणि मे अखेरीला किंवा परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की अ‍ॅडॉप्टर सॉकेटमधून काढाच. काचेची तार वीज वाहून आणत नाही, पण खांबावरून येणारी विजेची तार आणते.

तक्रार नोंदवल्यावर माणूस येईपर्यंत हॉटस्पॉटवर, म्हणजे फोनचाच मोबाइल डेटा वायफायने वाटून, भागवायचं, तर फोन ज्या खिडकीतून टॉवरची बाजू दिसते तिथे ठेवा आणि हॉटस्पॉट २.४ वर करा. आयफोनवर याच कामासाठी ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ असं बटण असतं. चार्जिंगला लावून हॉटस्पॉट चालवला की फोन तापतो, आणि तापला की स्वतःच वेग उतरवतो. काकीने एकदा तो खिडकीतल्या उन्हात, वाळत घातलेल्या आमसुलांशेजारी ठेवला होता. खिडकीतच, पण सावलीत.